पाटावर मांडलेली पेटी

फार पूर्वी, म्हणजे नक्की किती ते मला विचारू नका, एका गावात घरोघरी गणकपेट्या होत्या. पेटी बाहेरून पितळेची, आत काय होतं ते घडवणाऱ्यालाच माहीत. आकडे घातले की ती थोडा वेळ खुळखुळायची आणि उत्तर काढून द्यायची. सुतार तिच्यावर छपराचा उतार काढायचा, माळी पाण्याच्या पाळ्या काढायचा. गावात एक कोष्टीण होती, तिची नजर मंदावली होती. लुगड्याच्या काठावरचे मोर तिला मनात स्पष्ट दिसायचे, पण कुठला धागा कधी उचलायचा हे आता पेटीच सांगायची. पेटी गेली की तिचा माग बंद, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

वेशीवर एक शिळा होती. राज्य वसवणाऱ्या राणीनं तिच्यावर कोरून घेतलं होतं, ‘ज्याचं हत्यार त्याच्या हाती. खंडेनवमीला ज्याने जे पाटावर पुजलं, त्याला राजानेही हात लावू नये.’ म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोहार घण पुजायचा, शेतकरी नांगर पुजायचा आणि गणकपेटीलाही हळदकुंकू लागायचं. प्रत्येक नवा राजा या शिळेवर हात ठेवून शपथ घ्यायचा.

एका वर्षी माळ्याला दुर्बुद्धी सुचली म्हणा की सुबुद्धी, त्यानं कालव्याच्या पाण्याचं गणित पेटीत घातलं. राजाच्या बागेकडे दुप्पट पाणी वळवलेलं निघालं. माळ्यानं ते चारचौघांत सांगितलं आणि प्रधान तडक राजाकडे गेला. तो राजाला म्हणाला की आज हे पाणी मोजतात, उद्या आपल्याला मोजतील. राजालाही चैन पडेना, पण शिळा आडवी येत होती. शिळेचं मी बघतो, असं प्रधान म्हणाला.

त्यानं फार काही केलं नाही. अष्टमीला बाजारात फक्त कुजबुज सोडून दिली की उद्या पेट्या जप्त होणार. झालं, गावात एकच धांदल उडाली. कुणी पेटी गवताच्या गंजीत खुपसली, कुणी चुलीमागे. प्रधानाला हेच हवं होतं. जे पाटावर नाही ते पुजलेलं नाही, आणि जे पुजलेलं नाही त्याला शिळेचा आधार नाही. घाबरलेल्या माणसाला एवढं कुठलं सुचायला?

कोष्टिणीच्या शेजारी लोहार राहायचा. घणाचे घाव घालताना न दमणारा हा गडी त्या दिवशी घामाघूम झाला होता. आपली पेटी त्यानं कणगीत ज्वारीखाली पुरली आणि कोष्टिणीलाही तेच सांगायला आला.

कोष्टिणीनं पेटी सुताच्या ढिगात लपवली. मग बाहेर काढली, पुन्हा लपवली. भीती तिलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू.

शेवटी ती म्हणाली, “दादा, लपवलेली पेटी वापरायची कशी? खुळखुळली की गल्लीभर ऐकू जाणार. मग ती असून काय आणि नसून काय?”

नवमीच्या सकाळी तिनं पाट मांडला, पेटीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि दार सताड उघडं टाकलं.

शिपाई आले, प्रधान आला, मागून राजाही आला. प्रधान हसून म्हणाला की हत्यार म्हणजे विळा, करवत, मागाचा धोटा. गणित करणारी पेटी कुठलं हत्यार?

कोष्टीण राजाकडे वळली. “महाराज, धोटा माझ्या हाताचं हत्यार आहे, ही माझ्या डोक्याचं. आज सकाळी तुम्ही तलवार पुजली असेल. ती का पुजली, असं कुणी विचारलं का तुम्हाला?”

राजानं पेटीकडे नेलेला हात मागे घेतला. शपथ घेताना शिळा किती गार लागली होती, ते त्याला आठवलं असावं. तो एवढंच म्हणाला, “पाटावर जे असेल ते सोडून पुढे चला.”

बातमी गल्लीत वाऱ्यासारखी पसरली. गंज्या उपसल्या गेल्या, केसांत गवत अडकलेली माणसं पाट शोधत धावली. शिपाई पोचायच्या आत घराघरांत पेट्या मांडल्या गेल्या. लोहारही कणगी उपसत होता, पण पेटी पार तळाशी होती. ती हाती लागली तेव्हा शिपाई दारात उभे होते. पेटीवरून अजून ज्वारी ओघळत होती.

“ही कुणाची?” शिपायानं विचारलं.

“माझी नाही,” लोहार म्हणाला. भीतीनं ते शब्द आपसूक निघून गेले.

बेवारशी वस्तू म्हणून पेटी गाडीत गेली. लोहार गाडीमागे वेशीपर्यंत धावला, माझीच आहे म्हणून सांगत राहिला. गाडी थांबली नाही.

संध्याकाळी गल्लीभर पेट्या खुळखुळत होत्या, आणि लोहार थंड भट्टीपाशी बसून ऐकत होता. राजानं नेली म्हणावं, तर नाही म्हणणारं तोंड त्याचं स्वतःचं होतं.

तात्पर्य: शिळेवर कोरलेला हक्क शिळेपाशीच राहतो; दारात येऊन कुणी विचारलं की ‘माझा आहे’ असं म्हणणाऱ्याच्याच घरी तो येतो.