काळ्या पडद्याची जागा

नदीकाठच्या एका लहान शहरात एकदा एक वृद्ध छायाचित्रकार राहत असत. सगळे जग मोबाइलवर फोटो काढू लागले, तरी त्यांनी रोलचा कॅमेरा सोडला नव्हता. लोक त्यांना अण्णा म्हणत. एक तरुण शिष्य त्यांच्याकडे काम शिकत होता.

एके दिवशी साखरपुडा झालेले एक जोडपे स्टुडिओत आले. मुलाचे नाव श्रीरंग, मुलीचे केतकी. श्रीरंगला पत्रिकेसाठी एक खास फोटो हवा होता. दोघांच्या छबी एकमेकींत मिसळलेल्या, एकाच चौकटीत. त्यासाठी रोल पुढे न सरकवता, त्याच जागेवर आधी एकाचा आणि मग दुसऱ्याचा फोटो घ्यावा लागतो.

शिष्याने चहा आणला. "तुला चहा चालतो ना गं?" अण्णांनी केतकीला विचारले.

"चालतो तिला," श्रीरंग म्हणाला.

केतकीने कप घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"फोटोत काय नेसणार?" अण्णांनी पुन्हा तिलाच विचारले.

"हीच निळी साडी. मीच निवडली. हिला काही विचारलं की संध्याकाळ होते," श्रीरंग हसून म्हणाला. तो वाईट नव्हता. दारातल्या पायरीवर केतकीचा तोल गेला, तेव्हा त्यानेच तिला चटकन सावरले होते.

फोन आला म्हणून तो बाहेर गेला. केतकीच्या चहावर आता साय धरली होती.

"अण्णा, फोटो आजच काढायला हवा का?" तिने हळूच विचारले. "पत्रिका अजून छापल्या नाहीत. लग्नाला नाही म्हणावं का, असं मनात येतंय."

"काही वावगं वागला का तो?"

"नाही हो. चांगला आहे. पण त्याच्या घरी मी काय बोलायचं, तेसुद्धा तोच बोलून टाकतो."

अण्णा म्हणाले, "फोटो काढू. तो बघ, आणि मग ठरव."

श्रीरंग परत आला. "तू कुठे उभा राहणार?" अण्णांनी विचारले.

"मधोमध! मागे पांढरा पडदा, आणि सगळे दिवे लावा. फोटो कसा झगझगीत आला पाहिजे." त्याचा सदराही पांढराच होता. त्यावर काळा टाय.

शिष्य घाबरला. तो अण्णांच्या कानाशी लागला, "अण्णा, सगळं पांढरं झालं तर त्यावर मुलगी उमटणार कशी?"

"दिवे लाव," अण्णा म्हणाले.

शिष्याने दिवे लावले. श्रीरंगचा फोटो झाला. मग अण्णांनी काळा पडदा ओढला, केतकीला त्याच जागी उभे केले आणि त्याच चौकटीवर तिचा फोटो घेतला. अण्णा आता थकले, असे शिष्याला वाटले आणि त्याला वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी दोघे फोटो न्यायला आले. श्रीरंगने तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. त्याचा चेहरा छान आला होता. सदरा शुभ्र, मागचा पडदा शुभ्र. केतकी कुठेच नव्हती. फक्त त्याच्या टायच्या काळ्या पट्टीत कुणाच्या तरी ओठांचा एवढासा तुकडा दिसत होता.

"अहो, हिचा फोटो काढलाच नाहीत का?"

"काढला. तुझ्यासमोरच काढला," अण्णा म्हणाले. "पण तू सगळी चौकट उजेडाने भरलीस. फिल्मवर जिथे काळोख उरतो, तिथेच दुसऱ्या माणसाला येता येतं. तू टायएवढी जागा ठेवलीस. तेवढी ती आली."

श्रीरंग बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहत राहिला. बंद ओठ होते ते.

"पुन्हा काढू या," अण्णा म्हणाले. "आधी चहा घेणार का?"

"हो, तिला..." श्रीरंगने सुरुवात केली आणि तो थांबला. केतकीकडे वळला. ती लगेच बोलली नाही. त्याचे ओठ पुन्हा हलले, पण त्याने ते मिटून घेतले.

"मला चहा आवडत नाही," केतकी शेवटी म्हणाली. "कधीच आवडला नाही. सरबत असेल तर द्या."

"आमच्याकडे चार वेळा प्यायलीस की!"

"चारही वेळा हो तूच म्हणालास."

श्रीरंगचे कान लाल झाले. तो उठला आणि त्याने स्वतःच काळा पडदा ओढला. "तू सांग, मी कुठे उभा राहू?"

केतकीने त्याला उजवीकडे उभे केले.

ते गेल्यावर शिष्याने विचारले, "अण्णा, पडदा चुकतोय हे त्याला आधीच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्याने पडदा बदलला असता. फोटो सुंदर आला असता, पत्रिकेवर छापला गेला असता, आणि ती मुलगी पुढेही चहा पीत राहिली असती."

"मग आता ती हो म्हणेल?"

"ते तिचं ती सांगेल," अण्णा म्हणाले. "विचारणारा आता थांबतो आहे."

शिष्य कप विसळायला उचलू लागला. केतकीचा सरबताचा पेला रिकामा होता.