न वाकणारी जीप

शिरीनभाभी शिकलगार जयसिंगपूरच्या नाक्यावर गाड्यांचे, खड्ड्यांतले धक्के झेलणारे पाटे बनवायची. दुकानावर बोर्ड होता, ‘पोलादाची पारख’.

एके दिवशी साखर कारखान्याचे चेअरमन सर्जेराव जीप घेऊन आले, सोबत चार हुजरे. म्हणाले, "भाभी, जीपला नवे पाटे घाला. पण पोलाद न वाकणारं पाहिजे. आमच्या घराण्यात कुणी वाकत नाही. जमत नसेल तर तो बोर्ड उतरवा."

भाभीनं दोन पट्ट्या पुढे ठेवल्या. एक स्प्रिंगच्या पोलादाची, दाबली की वाकणारी आणि सोडली की सरळ होणारी. दुसरी कानशीसारखी कडक. सर्जेरावांनी जोर लावून पाहिला, ती तसूभर हलली नाही.

"हीच घाला."

"घालते की," भाभी म्हणाली. "आधी बॉनेटवर चढा आणि खाली उडी मारा. फक्त गुडघे वाकवायचे नाहीत."

घराण्याचा प्रश्न होता. सर्जेराव चढले. चढतानाच गुडघे वाकले, पण भाभीनं तिकडे काणाडोळा केला. वरून त्यांनी खाली पाहिलं.

"अहो, हाडं मोडतील माझी."

"मोडतीलच. पहिल्या खड्ड्यात त्या पट्टीचंही तेच होईल. साहेब, तुमचे गुडघे वाकतात म्हणून तर तुमची मान ताठ आहे. जीपलाही तेवढी मुभा द्या."

हुजरे तोंडावर रुमाल धरून वळले.

संध्याकाळी स्प्रिंगचे पाटे बसले. निघताना गतिरोधकावर जीप झकास वाकली, सरळ झाली, आणि आत सर्जेरावांची मान आपोआप खाली गेली.

बोर्डाखाली उभ्या भाभीनं तो नमस्कार मोठ्या मनानं स्वीकारला.