तळ्याकाठचा मुक्काम

फार जुन्या काळी एका अफाट देशाची राजकन्या दूरदेशीचे शिक्षण संपवून घरी परतली, तेव्हा तिला वाटले होते की आता आपल्यावरून भांडणे होतील.

त्या देशात एक रीत होती. सुगी संपली की राजघराणे लवाजम्यासह कोणत्या तरी एका मुलखात विश्रांतीला जाई. यंदा मुलूख निवडायचा मान राजाने लेकीला दिला होता. परदेशात तिने मैत्रिणींना किती अभिमानाने सांगितले होते, "आमच्याकडे बर्फ आहे, वाळवंट आहे, समुद्र आहे. एकाच रात्री कुठे शेकोट्या पेटतात, तर कुठे माणसं अंगणात निजतात." पण त्यातले तिने स्वतः काहीच पाहिले नव्हते, कारण तिला लहानपणीच दूर पाठवले होते. आता मुलखामुलखाचे पाटील 'आमच्याकडेच चला' म्हणून हट्ट धरतील, अशी तिची खात्री होती.

घडले ते भलतेच.

"डोंगरात कसली थंडी पडते, ताईसाहेब!" डोंगराकडचा पाटील म्हणाला. "दात इतके वाजतात की घास चावायचीसुद्धा गरज नाही. तुम्ही आपल्या समुद्राकडे जा."

समुद्रकाठचा पाटील दचकला. "आमच्याकडे? छे, छे! खारा वारा. केसांचं पार सुंभ होतं. त्यापेक्षा वाळवंटातलं चांदणं बघा."

"चांदणं झकास आहे," वाळवंटाचा पाटील घाईघाईने म्हणाला, "पण विंचू फार. मी म्हणतो, राजवाड्यात तरी काय वाईट आहे?"

दरबार हसला. राजाही हसला. राजकन्येला मात्र हसू येईना. आपल्या मातीला कुणी उगाच नावे ठेवत नाही. परक्या देशात तिने स्वतः कुणाला आपल्या देशाविषयी वाकडा शब्द काढू दिला नव्हता.

मागे एक बाई गप्प उभी होती. तळ्याच्या गावची ती पाटलीण. नवऱ्यामागे गावाचा कारभार तीच पाहत असे. गेल्या वर्षी राजाचा मुक्काम तिच्याच गावी झाला होता.

"पाटलीणबाई, तुम्ही काहीच बोलला नाहीत," राजकन्या म्हणाली. "तुमच्या तळ्यावर येऊ का?"

"या की," पाटलीण म्हणाली. "फक्त येताना पाणी घेऊन या."



राजकन्येने लगेच घोडा मागवला आणि पाटलिणीबरोबर निघाली. उन्हे कलायच्या आत दोघी तळ्यावर पोचल्या. कमळांनी भरलेले तळे म्हणून तिने मैत्रिणींना ज्याचे वर्णन ऐकवले होते, तिथे भेगाळलेला चिखल होता. गेल्या वर्षी राजाच्या हत्तींना पाण्यात उतरणे सोपे जावे म्हणून बांध फोडला होता. पुढे पाऊस आला, पण फुटक्या बांधात पाणी ठरले नाही. सेवकांना निजायला घरे रिकामी करून घेतली होती. सरपण संपले तेव्हा त्यांनी त्याच घरांची दारे चुलीत घातली होती. स्वागताच्या कमानीवर वाळकी फुले अजून लोंबत होती.

"तुम्ही बाबांना सांगितलं का नाही?" राजकन्येने विचारले.

"काय सांगू? महाराज मायेनं आले होते हो. निघताना म्हणाले, इतकं सुंदर तळं साऱ्या देशात नाही, आम्ही पुन्हा येऊ." पाटलिणीने पदराने तोंड पुसले. "राजधानीची वाट इथूनच जाते. सगळे पाटील आधी इथं थांबले, बघून गेले."

राजकन्येने पाटलिणीसह परत येऊन पाहिले ते सारे राजाला सांगितले. राजा म्हणाला, "बांध दुरुस्त करायला माणसं धाडू. पण तू तुझा बेत मोडू नकोस, बाळ. डोंगर म्हण, समुद्र म्हण. एवढी वर्षं याच एका गोष्टीसाठी झुरत होतीस ना?"

"हो, बाबा," ती म्हणाली. "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील घरी परतायच्या तयारीत असताना राजकन्या दरबारात उभी राहिली.

"यंदाचा मुक्काम तळ्यावर," ती म्हणाली. "हत्ती येतील, बांधाला माती ओढायला. तंबू येतील, ज्यांच्या घरांना दारं नाहीत त्यांच्यासाठी. आम्ही उघड्यावर निजू. आणि पाटलीणबाई, आमचं पाणी आम्ही घेऊन येऊ."

"आणि डोंगर? समुद्र?" राजाने हळूच विचारले. "तुझा देश पाहायचा राहिला की."

राजकन्येचे डोळे भरून आले. "राहू दे, बाबा. तिथून बोलावणं आलं की जाईन."

तात्पर्य एवढेच: देश पाहायला जरूर निघावे; पण आपण आधी जिथे जाऊन आलो तिथल्या लोकांना आपण पुन्हा यावेसे वाटते का, हे आधी पाहावे.