पालक म्हणतील, तरच शाळा म्हणेल

केरबा मास्तरांनी भर दरबारात नको ते बोलून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला!

सोनतळे संस्थानच्या बालशाळेत ते गाणं शिकवत. वर्षानुवर्षं त्यांनी मुलांकडून भूपाळ्या घोटून घेतल्या आणि मुलांनी वर्षानुवर्षं जांभया दिल्या. यंदा मास्तरांनी शहरातून एक नवी चाल आणली. हिच्यात गळा फिरवायचा नाही. शब्द तालात नुसते बोलायचे, पाय आपटायचे, खांदे हलवायचे. मुलं जाम खूश! पालकांत मात्र दोन तट पडले. एक तट म्हणे, "पोरं आता शाळेत पळत जातात, चालू द्या की!" दुसरा म्हणे, "हे गाणं आहे की भांडण? बंद करा!" रोज सकाळी दोन्ही तट राजवाड्याच्या दारात हजर. हैबतराव महाराजांना न्याहारीचा घास सुखानं गिळता येईना.

विरोधकांचे म्होरके होते दरबारचे कारकून अप्पा खासनीस. ते हात जोडून म्हणाले, "महाराज, या धिंगाण्यापायी पोरं पाढे विसरतील! वळण बिघडेल!"

"छे हो अप्पासाहेब," मास्तर बोलून गेले. "ही चाल माणसाच्या अंगातच असते. शिकवावीसुद्धा लागत नाही!"

महाराजांनी मिशीला पीळ दिला. "अंगातच असते? मग अप्पांच्याही अंगात असणार! परवा सकाळी आम्ही शाळेत येतो. विरोध करणाऱ्या सगळ्या पालकांनी ही चाल म्हणून दाखवली, तर ती राहील. नाहीतर तीही जाईल आणि तुम्हीही! आणि ऐका मास्तर, त्यांना शिकवायचं नाही, धमकावायचं नाही, लालूच दाखवायची नाही. 'गा' हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही!"

मास्तर घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "ठकू, बांधाबांध कर बाई. अप्पा खासनीस आणि खांदे हलवणार? तो गृहस्थ शिंकतानासुद्धा हलत नाही!"

ठकू मास्तरांची एकुलती एक लेक. ती तांदूळ निवडत बसली होती. बापाचं तोंड पाहून तिनं सूप बाजूला सारलं. आई गेल्यापासून आबांचा जीव त्या शाळेत आणि त्या चिल्ल्यापिल्ल्यांतच अडकला होता. तो आधार काढून घेतला तर माणूस अंथरूण धरेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिला संताप आला. आणि संतापली की ठकूचं डोकं फार झकास चालायचं!

"आबा, अप्पांनी पाढ्यांचं नाव काढलं म्हणालात ना?"

"काढलं. मग?"

"मग झालं तर! हात धुऊन घ्या, वाढते."

ठरल्या दिवशी शाळेच्या अंगणात महाराज खुर्चीत बसले; शेजारी छोटे युवराज उभे. एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला तोंडं घट्ट मिटून उभे असलेले पालक. ठकू पुढे झाली.

"मी तोंड उघडणार नाही हं!" अप्पांनी आधीच बजावलं.

"नका उघडू. मला फक्त एवढंच सांगा अप्पासाहेब, ही वाईट चाल ओळखायची कशी?"

तोंड न उघडण्याचं अप्पा तिथंच विसरले! बोटांवर मोजत म्हणाले, "सोपं आहे. शब्द गायचे नाहीत, ठेक्यात बडबडायचे. एकच तुकडा पुन्हापुन्हा. पाय आपटायचे. आणि अंग घुसळायचं!"

"ऐकलंत ना महाराज? बरं, अप्पासाहेब, या चालीनं मुलं पाढे विसरतील अशी तुमची तक्रार. पण ही मुलं विचारतात, आमच्या आईबापांना तरी पाढे येतात का?"

मुलं खुदखुदली. पालकांचे चेहरे लाल झाले.

"येतात का म्हणजे?" अप्पा कडाडले. "एकोणतीसचा पाढा विचार!"

"बघू बरं!"

"एकोणतीस एके एकोणतीस!" अप्पांनी सुरुवात केली. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!" मागून दुसरे पालक सामील झाले. "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!" आता सगळेच! एका ठेक्यात, एका हेलात. शिंपीबुवा मागेपुढे डुलू लागले. तेलीणकाकू पाय आपटू लागल्या. अप्पांचे खांदे तर असे हलत होते की पगडी एका कानावर आली. महाराजांचा जोडाही खाली ठेका धरत होता, पण ते त्यांच्या ध्यानात नव्हतं. 'दाहे'ला तर सगळ्यांनी असा काही हेल काढला की झाडावरचे कावळे उडाले.

मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"ठेक्यात बडबड झाली," ठकू म्हणाली. "एकच तुकडा दहादा झाला. पाय आपटले, अंगही घुसळलं! महाराज, आणखी काही राहिलं का?"

"थांब कारटे!" अप्पा ओरडले. "हे गाणं नव्हे, पाढा आहे! याला चालबिल काही नसते!"

"नसते? मग चालीवाचून सांगा. एकोणतीस साते?"

"एकोणतीस साते... साते..." अप्पांनी आभाळाकडे पाहिलं. ओठ हलले. खांदा हलला. आणि हळूच आवाज आला, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे..."

महाराज खो खो हसत सुटले. हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर ते म्हणाले, "मास्तर, चालही राहील आणि तुम्हीही राहाल! पण पोरी, एक सांग. अप्पांनी पाढा म्हणायचंच नाकारलं असतं, तर काय करणार होतीस?"

"महाराज," ठकू म्हणाली, "आपल्या पोरांसमोर 'मला येत नाही' म्हणणारा बाप तुम्ही कधी पाहिलाय?"

महाराजांनी शेजारी उभ्या असलेल्या आपल्या युवराजांकडे चोरून पाहिलं. मग जे हसू फुटलं, ते आवरेना! हसतच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या हातात घातलं.