शिदोरीची फेड

डोंगरापलीकडे, राजाच्या नकाशातही न सापडणारं एक गाव होतं. त्या गावाची एक चाल होती. कोणी परगावी निघालं की घराघरातून त्याच्या शिदोरीत काहीतरी पडायचं. कुठून भाकरी, कुठून चटणी, कुठून नुसताच कांदा. परत आल्यावर त्याने पारावर बसून प्रत्येक घराला एकेक पाहिलेली गोष्ट सांगायची. ही शिदोरीची फेड. ज्याला ती जमली नाही, त्याने पुन्हा वेस ओलांडायची नाही.

नियम थोरांनी केलेला, त्यामुळे थोरांना तो लागू नव्हता. ते परत येऊन फक्त म्हणायचे, "राजधानी म्हणजे राजधानीच!" आणि लोक माना डोलवायचे.

एका वर्षी राजधानीच्या जत्रेला दोघं निघाली. एक गावचे कारभारी, दुसरी कासाराची ठकू. ठकूला अख्खी पृथ्वी बघायची होती आणि जवळ फुटकी कवडी नव्हती.

कारभारी वेशीवरच म्हणाले, "पोरी, रिकाम्या हाताने काय बघणार तू? फुकट दिसतं ते बघण्यालायक नसतं. परत येशील तेव्हा सांगायला काही नसेल. मग बस जन्मभर चुलीपाशी!"

"बघू की, काका," ठकू म्हणाली. "डोळे तर घरचेच आहेत."

राजधानीत कारभाऱ्यांनी पालखी केली. धूळ नको म्हणून पडदे लावून घेतले. पैसे मोजून शीशमहालाच्या रांगेत शिरले. आत पोचतात तोच पहारेकरी ओरडला, "चला, पुढे चला!" आणि ते मागच्या दाराने बाहेर. रात्री नाचाच्या तंबूत सगळ्यात महागडी गादी घेतली. गादी इतकी मऊ होती की कारभारी घोरायला लागले.

ठकू देवळाच्या ओसरीवर झोपली आणि दिवसभर पायी फिरली.

गावी परतल्यावर पारावर सगळा गाव जमला. ठकू पुढे येऊन बसली. आज चुकली तर वेस कायमची बंद.

"कोष्टीमामा," तिने सुरुवात केली, "तुमच्या भाकरीची ही फेड. नदीकाठी रंगाऱ्यांनी पागोटी वाळत घातली होती. एवढी लांब, की एक टोक धरून माणूस चालत राहिला तर नदीच्या वळणाआड दिसेनासा व्हायचा! कुंभारमावशी, तुमची चटणी. घाटावर हत्ती आंघोळीला येतात. माहुताने पाठ फिरवली रे फिरवली, की हत्तीचं पिल्लू त्याला भिजवतं. तो वळला, की पिल्लू आपलं साळसूद!"

पोरं खिदळली. एकेक घर फिटत गेलं. शेवटी कांदा देणारी म्हातारी उरली.

"आजी, संध्याकाळी नगारखान्यावर नगारा वाजतो. पण टिपरी पडायच्या आधीच सगळी कबुतरं उडतात. त्यांना वेळ पाठ झालीय."

"एका कांद्यात एवढं?" म्हातारी म्हणाली. "पुढच्या खेपेला दोन देईन गं."

"हत्ती आणि कबुतरं!" कारभारी फिस्कारले. "ही काय राजधानी?"

तेवढ्यात त्यांची कारभारीण उठली. "तिचं राहू द्या. तुम्ही माझे डबाभर लाडू खाल्लेत. माझी फेड?"

"राजधानी म्हणजे..."

"राजधानीच. ते झालं. पुढे?"

कारभारी घुटमळले. "पालखीला पडदा होता. मखमली."

"पडद्याबाहेर काय होतं?"

पार हसून हसून लोळायचा बाकी राहिला. कारभारीण म्हणाली, "फेड नाही, तर वेसही नाही. नियम तुमचाच आहे."

दुसऱ्या दिवशी कारभारी ठकूच्या अंगणात आले. "पोरी, एखादा हत्ती उसना देतेस?"

"तो फिटला, काका. पण आपल्या टेकडीवरून सूर्य मावळताना पाहिलाय कधी?"

"साठी झाली माझी. टेकडीवर कशाला जाऊ?"

"मग आज जा. पालखी वर जात नाही तिथे."

कारभारी धापा टाकत चढले. अंधार पडताना उतरले ते धावतच. "अगं, ऐकलंस का! आधी तळं लाल होतं, मग गुरं, मग त्यांच्या खुरांची धूळ! आणि आपलं घर केवढंसं दिसतं वरून!" ते बोलत राहिले आणि चुलीवरचं दूध उतू गेलं.

कारभारीण हसली. "फिटले लाडू. उद्या मलाही न्या."

तेव्हापासून त्या गावात थोरांनाही विचारतात, "बोला, काय पाहिलंत?" त्या धास्तीने काही थोर घराबाहेरच पडत नाहीत. गावाचं काही अडलेलं नाही.

तात्पर्य: जग बघायला निघालात, तर थैलीची गाठ सोडण्याआधी पडदा बाजूला करा.