अडलेली तार आणि गप्प बसणारी चिप

डोंगराच्या पायथ्याशी रुग्णवाहिका बनवणारा एक कारखाना होता. तिथे विश्राम नाईकनवरे नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी एकदा शब्द दिला की मालक पुन्हा विचारत नसत.

गाडीतले ब्रेक, इंजिन, दारे, दिवे, सगळे एकमेकांशी बोलतात, आणि तेही एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक तारांवरून. प्रत्येक भागापाशी नखाएवढी एक चिप असते. ती त्या भागाचे म्हणणे तारेवर घालते आणि इतरांचे ऐकून त्याला सांगते. नव्या गाडीसाठी विश्रामरावांनी अशी एक चिप निवडली होती. ती निर्धोक असल्याची हमीही त्यांनी मालकांना दिली होती.

त्यांची सहकारी यास्मिन तांबोळी म्हणाली, "सर, एक चाचणी राहिलीय. एखादा भाग बिघडून नुसता बोलतच सुटला तर?"

चिपा ठरल्या होत्या, गाड्या बाहेर पडायला तयार उभ्या होत्या. तरी विश्रामराव म्हणाले, "लाव बोर्डावर."

टेबलावर चाचणीचा बोर्ड होता. यास्मिनने त्यावर ती चिप बसवली, ब्रेक आणि दारांचे भाग त्याच तारांना जोडले आणि चिपेला मुद्दाम अखंड बोलायला लावले. तारेवरचे बोलणे दाखवणारी पडद्यावरची नाचती रेघ ताठ झाली. ती ताठच राहिली.

"ब्रेकचा निरोप?" विश्रामरावांनी विचारले.

"तार अडलीय, सर. कुणाचाच निरोप जात नाहीये."

विश्रामरावांच्या डोळ्यांसमोर धावती रुग्णवाहिका आली. आत रुग्ण, समोर वळण, आणि ब्रेकला बोलायला वाटच नाही!

मग त्यांनी दुसऱ्या कारखान्याची चिप बसवली. पुन्हा तोच बिघाड केला. रेघ ताठ झाली, आणि पापणी लवायच्या आत सुटली. ब्रेकचे निरोप पुन्हा वाहू लागले. आपल्याकडून तार अडली आहे हे त्या चिपेने ओळखले होते आणि ती आपणहून गप्प झाली होती. विश्रामरावांनी पुन्हा पुन्हा करून पाहिले. दर वेळी तेच. वाळूपासून बनलेल्या एवढ्याशा चिपेला हे शहाणपण कुणी दिले असेल, असे वाटून त्यांचे हात नकळत जोडले गेले.

ते तडक मालकांकडे गेले.

मालक चिडले. "हमी तुम्हीच दिली होती ना?"

"दिली होती. आज मागे घेतो. या, डोळ्यांनी बघा."

मालक आले. ताठ झालेली रेघ त्यांनी पाहिली, मग सुटलेली रेघही पाहिली. ते म्हणाले, "गाड्या थांबू देत. हीच चिप लावा."

त्या गाड्या उशिरा रस्त्यावर आल्या. पण ब्रेकची हाक अडेल अशी एकही गाडी त्यांत नव्हती.

तात्पर्य: आपली चूक दिसताच जो आपणहून मागे सरतो, त्याच्याच हाती इतरांचे प्राण सुरक्षित असतात.