धनेशाच्या तीन ढोल्या

जंगलात अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका धनेशाने तीन ढोल्या अडवून ठेवल्या होत्या. थंडीत येणाऱ्या परदेशी मैनांना तो त्या चार-चार दिवस राहायला द्यायचा आणि बदल्यात उंबरं घ्यायचा.

फाल्गुनात धनेशीण धास्तावून म्हणाली, “अहो, अंड्याची वेळ झाली. मला आत बसून दार मातीने लिंपायला हवं. एक तरी ढोली रिकामी करा ना!”

“वेडी की काय! पाहुण्यांना शब्द दिलाय. चार दिवस कळ काढ.”

अंडं कुठलं थांबतंय? तिने ते उघड्या फांदीवर घातलं आणि वाऱ्याने खाली पाडलं.

चैत्रात मैना उडून गेल्या. धनेश हौसेने म्हणाला, “ये गं, आता तिन्ही मोकळ्या आहेत. हवी त्यात बस.”

लिंपायला आणलेली माती तिच्या पायाशी केव्हाच सुकली होती.

“कुणाला घेऊन बसू?” ती म्हणाली.